मास्टर हिंमतची हाडं

“हाडं?” दादासाहेबानं विचारलं. “म्हंजे, उकरून?”

“हो,” मोझेलबाई म्हणाल्या. “आमच्या धर्मात तशी परवानगी आहे. आमचे हज्जान, म्हणजे प्रार्थना सांगणारे, ते येतील. सगळं अदबीनं होईल. आजीच्या कबरीशेजारी जागा राखून ठेवली आहे. माझ्या आईची तेवढी एकच इच्छा उरलीय.”

शेळगावातल्या हिंमत्यांच्या नव्या बंगल्यात ही बैठक चालली होती. बाहेर डाळिंबांवर फवारणी चालली होती, त्या यंत्राची घरघर आत येत होती.

मालनबाई सोफ्याच्या कोपऱ्यात पाय वर घेऊन बसल्या होत्या. पणदऱ्याला सासरी उभा जन्म गेला तरी शेळगाव हे त्यांचं माहेर. भाऊ मानसिंग वारला, आता त्याचा मुलगा दादासाहेब या घरातला कर्ता होता. आज सकाळी मालनबाईंची मुलगी संजीवनी बारामतीहून गाडी घेऊन आली आणि म्हणाली, “आई, चल. ठाण्याहून एक बाई येतायत. आजोबांच्या पहिल्या घरच्या.” त्या शब्दांसरशी मालनबाई उठल्या होत्या, लुगडं बदलून गाडीत बसल्या होत्या, आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडून चार शब्दही बाहेर पडले नव्हते.

आत्ताही त्यांचं बोलण्याकडं लक्ष नव्हतं. त्या मोझेलबाईंच्या हातांकडं बघत होत्या. सत्तरीची ही गोरी, बारीक अंगाची बाई बोलताना उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळव्यात दाबून धरत होती. असे हात मालनबाईंनी एकदाच पाहिले होते, नऊ वर्षांच्या असताना, मुंबईतल्या एका दारात. ती गोष्ट त्यांनी आईला सांगितली नव्हती, भावाला नाही, नवऱ्याला नाही, पोटच्या लेकीला नाही. ‘कुणाला बोलू नको, मालू’ असं ज्यानं सांगितलं होतं, त्यालाच आज जमिनीतून काढून न्यायची गोष्ट चालली होती.

“मॅडम, तुमी लांबनं आलाय, पावण्या हाय,” दादासाहेब म्हणाला. “पर हे जमायचं न्हाय. हिंमतबाबा आता निस्तं आमच्या घरचं मयत ऱ्हायलं न्हाय. दर शनवारी माणसं तेल घालाय येत्यात. चैतात दहा गावं लोटत्यात. औंदा सभामंडपाचं काम धरलंय. मी गावाला काय सांगू? बाबा मुंबईला गेलं म्हणून?”

“तेल?” मोझेलबाईंनी संजीवनीकडं पाहिलं. “कबरीवर तेल घालतात?”

संजीवनीनं मान खाली घातली. ती बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची, आणि गेली कित्येक वर्षं या तेलाबद्दल मामेभावाशी वाद घालत आली होती. “आजोबा शनिवारी कामाला हात लावत नसत,” ती हळूच म्हणाली. “चूल नाही, मोट नाही. पांढरं धोतर नेसून बसून राहायचे. गेल्यावर लोकांनी शनिवार धरला. शनिवार म्हटला की आमच्याकडं तेल आलंच.”

मोझेलबाईंना हसावं की रडावं कळेना. “आमच्या लोकांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे,” त्या म्हणाल्या. “शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. वाकरूळला माझ्या पणजोबांचा तेलाचा घाणाच होता. आणि त्यांच्या मुलाच्या कबरीवर शनिवारी तेल!”

हे सगळं ओढवलं होतं दादासाहेबाच्या मुलाच्या, अविराजच्या मोबाइलमुळं. गेल्या चैत्रात त्यानं जत्रेची रील टाकली होती. समाधीजवळ काचेत लावलेला बाबाचा फोटो त्यात होता. डोक्यावर तुरा, हातात तलवार, काजळ घातलेले डोळे. जुन्या मूकपटांचा नाद असलेल्या कुणीतरी तो ओळखला आणि ठाण्यापर्यंत पोचवला. मास्टर हिंमत! हा तर बोलपट आले त्या सुमारास समुद्रात बुडून मेला होता. मग शेळगावच्या रानात कसा?

“बाबा, मी एक बोलू का?” अविराज म्हणाला. तो दाराला टेकून उभा होता. “त्यांना नेऊ द्या की. त्यांचे सख्खे आजोबा आहेत. आणि शेततळ्याला तीच जागा बरोबर पडते, इंजिनिअर दोनदा बोललाय.”

दादासाहेब वळून पोराकडं बघतच राहिला. “शेततळं? का लासुर्ण्याच्या पावण्यांचं भ्या?”

अविराजचं लग्न लासुर्ण्याला ठरलं होतं. त्याचा चेहरा उतरला. “भ्या कशाला? पण ते विचारतायत. हिंमतबाबा म्हणजे नेमके कोण, कुठल्या जातीचे? ही रील फिरल्यापासून लोक त्यांचं खरं नाव घेऊन दाऊद-दाऊद करतायत. लोकांना ज्यू आणि मुसलमान यातला फरक कळतो का? मी किती जणांना समजावत बसू?”

“म्हणून बाप बदलायचा?”

“बाप नाही बदलत, बाबा. पणजोबा त्यांच्या घरी पाठवतोय.”

“दादा, तो चुकीचं बोलतोय, पण मागणी चुकीची नाही,” संजीवनी म्हणाली. “पहिला हक्क त्यांचाच आहे. त्या घरानं एका बुडालेल्या माणसाचं सुतक पाळलं, आणि तो माणूस इथं वांगी लावत होता.”

दादासाहेब एकटा पडला. त्यानं सवयीनं आत्याकडं बघितलं. मानसिंग गेल्यापासून घरातल्या प्रत्येक तंट्यात मालनबाई त्याच्या बाजूनं उभ्या राहिल्या होत्या. आज त्या बोलल्या ते वेगळंच.

“बाई,” त्या मोझेलबाईंना म्हणाल्या, “तुमच्याकडं त्यांची काय गोष्ट सांगत्यात? आमाला फकस्त हितली ठावं हाय.”

मोझेलबाईंनी चष्मा काढून पुसला. मग सांगू लागल्या, आणि बोलता बोलता त्यांची मराठी शहरी उरली नाही, कोकणातल्या कुठल्यातरी जुन्या ओसरीवर जाऊन बसली.

दाऊद शालोम वाकरूळकर. घाणा बंद पडल्यावर बाप मुंबईला सुतारकामाला आला. पोराला सुतारकाम आवडेना. ते महालक्ष्मीच्या तबेल्यात जाऊन बसायचं, घोडे धुवायचं, आणि कुणी बघत नसलं की बिनखोगिराचं पळवायचं. एका सिनेमा कंपनीला घोड्यावरून तटाच्या खाली उडी घेणारा माणूस हवा होता, कारण त्यांचा हिरो घोडा बघितला की घामाघूम व्हायचा. दाऊदनं तीन चित्रपटांत त्या हिरोसाठी उड्या मारल्या. चौथ्या वेळी हिरो रुसून घरी बसला, तेव्हा कंपनीच्या शेठनं दाऊदच्याच तोंडाला रंग लावला. “पण दाऊद नाव पोस्टरवर चालायचं नाही,” शेठ म्हणाला. “तुझ्यात हिंमत आहे, तेच नाव घे.”

“आठ-नऊ वर्षं नुसती धूम होती,” मोझेलबाई म्हणाल्या. “रजपूत सेनापती, पेशव्यांचे सरदार, समुद्री चाचे. प्रत्येक पोस्टरवर घोडा पाहिजेच. आमच्या प्रार्थनालयातले वडीलधारे नाखूश असायचे, पण त्यांचीच मुलं पहिल्या रांगेत बसून शिट्ट्या मारायची. शनिवारी मात्र आजोबा कॅमेऱ्यासमोर उभे राहिले नाहीत. शेठनं आदळआपट केली, पण ऐकलं. लेआआजी त्यांचे अंगरखे स्वतः शिवायची. म्हणायची, कंपनीचा शिंपी काखेत तंग करतो, यांना तलवार फिरवता येत नाही.”

“आन् मग बोलपट आला,” मालनबाई म्हणाल्या.

“मग बोलपट आला. आवाजाच्या चाचणीला उभं केलं. आणि…” त्या थांबल्या.

“आवाज बारीक,” मालनबाईंनी वाक्य पुरं केलं. “बाईमाणसावानी.”

“हो. एवढा धिप्पाड माणूस, अंगात चिलखत, आणि तोंड उघडल्यावर तो आवाज. सेटवर कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. ते तसेच पोशाखात बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी वरळीच्या खडकांवर चिलखत आणि तलवार सापडली. महिनाभर वाट पाहून घरच्यांनी सात दिवस जमिनीवर बसून शोक पाळला. माझी आई, हन्ना, तेव्हा चार वर्षांची होती.”

मोझेलबाईंनी पर्समधून टॅबलेट काढला. “सगळ्या फिल्म जळाल्या, नाहीतर चांदी काढायला विकल्या गेल्या. एवढाच एक तुकडा राहिलाय.”

सगळे पुढं सरकले. अविराजही दार सोडून आला. करड्या, थरथरत्या उजेडात एक सज्जा होता, त्यावर एक बाई उभी होती, आणि खालून घोड्यावर मास्टर हिंमत आला. त्यानं मान वर केली आणि तो हसला.

“अगं आई गं,” संजीवनी म्हणाली. “अवी, हा तर तू!”

खरंच अविराजच होता. तोच जबडा, तीच एका बाजूला चढणारी भुवई. अविराजनं टॅबलेट हळूच आपल्या हातात घेतला.

पडद्यावर बाईचे ओठ हलत होते. आणि तेवढ्यात मालनबाईंच्या गळ्यातून एक वेगळाच, चढा, कापरा आवाज निघाला. “जावं महाराज. पण परतताना याच वाटेनं यावं. दुसऱ्या वाटेनं आलात, तर ही दासी ओळखायची नाही.”

दादासाहेबाला हसू फुटलं, पण आत्याचा चेहरा बघून त्यानं ते आवरलं.

“तुम्हाला कसं माहीत ती काय म्हणते ते?” मोझेलबाईंनी विचारलं. “मधल्या बोलण्याची पाटीसुद्धा उरलेली नाही.”

“माझी येणी घालताना बाबा रोज म्हणायचा की,” मालनबाई म्हणाल्या. “हितली गोष्ट मी सांगते. ऐका.”

बारामतीच्या झुंबरतात्याचा तंबू होता, त्या तंबूत दाऊद येऊन मिळाला. खेड्यापाड्यांत बोलपटाचं यंत्र अजून पोचायचं होतं. झुंबरतात्या जुने मूकपट मातीमोल घेऊन जत्रांतून दाखवायचा आणि पडद्याशेजारी उभा राहून त्यांची बोलणी म्हणायचा. आवाज असा, की बैल बिथरावेत. पण त्याच्या तोंडी बायकांची बोलणी आली की सगळा तंबू खिदळायचा. दाऊद म्हणाला, बायकांची मी म्हणतो. मग काय व्हायचं, तर पडद्यावर मास्टर हिंमत तलवार उपसायचा, त्याच्या तोंडचे शब्द झुंबरतात्या गर्जायचा, आणि खुद्द हिंमत अंधारात उभा राहून राणीचं रडायचा.

“लासुर्ण्याच्या जत्रंत माझ्या आयनं ऐकलं,” मालनबाई म्हणाल्या. “छबूबाई तिचं नाव. नवऱ्यानं टाकल्याली, बापाच्या तुकड्यात कालव्याच्या पाण्यावर माळवं करायची. खेळ सुटल्यावर ती तंबूच्या मागं गेली. म्हनली, एवढी रडती ती बाई मला दावा, तिला इचारायचंय तिचं दुखणं काय. तर कनातीमागनं हा बाप्या निघाला. आय म्हनली, तुमी? हा म्हनला, मीच. ती म्हनली, मग तुमचं दुखणं सांगा.”

बोलून झाल्यावर मालनबाई हसल्या. मोझेलबाई हसल्या नाहीत.

“तंबू बुडाला तसा तो हितं आला. माळवं शिकला. पाटाच्या पल्याडनं हाक मारली तरी ऐकू यायची, एवढा चढा आवाज. माझ्या भावाला मानसिंग नाव ठिवलं, ते बी एका सिनेमातल्या कामावरनं. शाळंत मास्तरांनी आडनाव इचारलं, तर आयला वाकरूळकर येईना. ती म्हनली, लिवा हिंमते. झालं.”

“पणजोबा हिरो होते,” अविराज मध्येच म्हणाला, टॅबलेटवरची नजर न काढता. “असले हिरो. आणि आपण त्यांच्यावर तेल ओततोय.” मग तो मोझेलबाईंना म्हणाला, “आत्या, मघाशी बोललो ते मागं घेतो. नका नेऊ त्यांना.”

दादासाहेबाला यावर आनंद व्हावा की तेलाचा राग यावा, ते ठरवता आलं नाही.

मोझेलबाई उठल्या. “मला आधी कबर दाखवा,” त्या म्हणाल्या.

बागेच्या कडेनं सगळे निघाले. समाधी पाटाजवळ, चिंचेखाली होती. सिमेंटचा ओटा, त्यावर मधोमध बसवलेला काळा दगड, त्याला शेंदूर, आणि वर्षानुवर्षांच्या तेलानं चिकट झालेली कड. लिंबू-मिरच्या, वाळलेली रुईची माळ, काचेतला तो फोटो. कुत्र्यानं एक नारळाची करवंटी ओढून नेली होती.

मोझेलबाईंनी पदर डोक्यावर घेतला. दगडाला हात लावायला गेल्या, आणि बोटांना तेल-शेंदूर लागला तसा तो हात तसाच हवेत धरून उभ्या राहिल्या. इतका वेळ आवरलेलं सगळं त्यांच्या तोंडाशी आलं.

“हे काय केलंत तुम्ही त्यांचं? ते दगडाला हात जोडणारे नव्हते हो. आणि तुम्ही त्यांनाच दगड केलंत!” त्या दादासाहेबाकडं वळल्या. “माझ्या आजीनं पंचेचाळीस वर्षं मशीन चालवून लोकांचे ब्लाउज शिवले. दुसऱ्या लग्नाची मागणी आली, नाही म्हणाली. आणि हे इथं कुठल्याशा बाईबरोबर संसार करत होते. तुम्हाला ते अख्खे मिळाले. हाडं तरी आमच्या आजीला द्या!”

“कुठल्याशा बाईबरोबर?” संजीवनी गर्रकन वळली. मघापर्यंत ती त्यांच्या बाजूनं बोलत होती. “माझी आजी होती ती. गावानं वाळीत टाकलं तरी तिनं त्यांना टाकलं नाही. मोझेलताई, हक्काचं मला पटत होतं. पण असं बोलून काही न्यायचं असेल, तर संमतीच्या कागदावर मी सही करणार नाही.”

“संजे, गप,” मालनबाई म्हणाल्या.

त्या ओट्याच्या कडेवर बसल्या. गुडघा दाबून धरत त्यांनी मोझेलबाईंना शेजारी बसायची खूण केली. मोझेलबाई बसल्या नाहीत.

“हुबं ऱ्हाऊन ऐकायचं तर हुबं ऱ्हावा. तुमच्या आजीला मी बघितलंय.”

संजीवनी आईजवळ सरकली.

“काय बोलतेस आई?” संजीवनी म्हणाली.

“मी नऊ वर्साची व्हते. बाबा म्हनला, चल, तुला मुंबई दावतो. बारामतीवरनं छोट्या गाडीनं दौंडाला, तितनं मुंबईला. मला वाटलं, राणीचा बाग दावंल. तर एका गल्लीत घिऊन गेला. जिन्याखाली हुबं केलं आन् म्हनला, मालू, वर जा. दुसरा मजला, डाव्या हाताचं दार. चौकटीला प्रार्थनेची एक तिरकी डबी ठोकल्याली असंल. दार वाजव आन् पाणी माग. मी म्हनलं, तुमी चला की. तर म्हनला, माझं पाय दुखत्यात.”

मोझेलबाई हळूच ओट्यावर टेकल्या.

“एका बाईनं दार उघडलं. पांढरं लुगडं. असेच हात, तुमच्यावानी. मला पाणी दिलं. इचारलं, कुणाची गं तू? मी म्हनलं, शेळगावची. कुणाबरोबर आलीस? म्हनलं, बाबाबरोबर, खाली हायती, पाय दुखत्यात त्यांचं. तशी ती खिडकीकडं गेली आन् खाली बघितलं. लई येळ बघत व्हती. आतल्या खोलीत मशीन चाललं व्हतं. ते थांबलं, आन् एका पोरीनं हाळी दिली, आई, कोण आहे? ती म्हनली, कुणी नाही, पाणी मागायला पोर आलीय.”

“ती माझी आई,” मोझेलबाई पुटपुटल्या. “हन्ना. लग्नाआधी तीही शिवायची.”

“मग ती माझ्यासमोर आली, अंगठा असा तळव्यात धरून. म्हनली, खाली जाऊन सांग, या घरात सात दिवस जमिनीवर बसून झालंय. मेलेल्या माणसाला परत घरात घेता येत नाही. त्याची बायको विधवा झालीय, त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, ते आता मोडायचं नाही. असं सांगितलं, आन् तांब्या भरून माझ्या हातात दिला. हा खाली नेऊन दे म्हनली. तांब्या पायरीवर ठेवून जा. तुला कधी तहान लागली, तर तू ये.”

“आणि ते?”

“बाबानं सगळं पाणी पेलं. तांब्या पायरीवर ठिवला. मी काय काय सांगितलं ते इचारलं, मी जसंच्या तसं सांगितलं. मग माझा हात धरला आन् निघाला. गाडीत बसल्यावर म्हनला, हे कुणाला बोलू नको, मालू. तुझ्या आयला वाईट वाटंल. मी न्हाय बोलले. त्यो गेला, आय गेली, तरी न्हाय बोलले. आज तुमचं हात बघितलं आन् मला कळलं, आता बोलावं लागनार.”

मोझेलबाईंनी तेल लागलेली बोटं पदराला पुसली.

“खिडकी,” त्या म्हणाल्या. “तिनं खिडकी लावून घेतली का?”

“न्हाई. गल्लीच्या तोंडाला बाबा मागं वळला. तवाबी उघडी व्हती. ती हुबी व्हती.”

मग मोझेलबाई रडल्या. संजीवनी पुढं झाली, मघाचं सगळं विसरून त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

“आजी दर वर्षी त्यांच्या नावानं दिवा लावायची,” मोझेलबाई रडं आवरून म्हणाल्या. “डोळ्यांत टिपूस नसायचं. आम्हाला वाटायचं, काळीज घट्ट आहे हिचं. तिला माहीत होतं. तिनं आईचं लग्न सांभाळलं, यांचाही संसार सांभाळला, आणि कुणाला कळू दिलं नाही.” त्यांनी नाक पुसलं. “तिनंच नाही म्हटलं होतं त्यांना. मग मी कोण त्यांना नेऊन तिच्या शेजारी ठेवणार? राहू दे. इथंच राहू दे.”

दादासाहेब जिंकला होता, पण त्याच्या तोंडावर ते दिसत नव्हतं. तो खाली बसला, ओट्यावरच्या लिंबू-मिरच्या त्यानं एकेक करून गोळा केल्या आणि रुईच्या माळेसकट बांधाकडं भिरकावल्या.

“ताई,” तो म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच मॅडम न म्हणता. “तेलाचं मी बघतो. लोकास्नी येका दिसात न्हाय सांगता यायचं. पर दगडावर त्यांचं खरं नाव घालतो. तुमच्या अक्षरात कसं लिवायचं तेवढं सांगा.”

“आणि लासुर्ण्याला मी सांगतो,” अविराज म्हणाला. “उद्याच जातो, हा सिनेमा घेऊन. पटलं तर पटलं.”

“मी आईला काय सांगू, ते मात्र मला सुचत नाही,” मोझेलबाई म्हणाल्या. “रोज विचारते, पप्पांना कधी आणणार? आजीनं दार लावलं, हे तिला या वयात कसं सांगू?”

मालनबाईंनी चमकून वर पाहिलं. “ती हाय?”

“कोण?”

“तुमची आय. हन्ना. मघाशी इच्छा म्हनलात, मला वाटलं, गेलेल्या माणसाची. जित्ती हाय ती?”

“आहे की. सत्त्याण्णव पुरी होतील. अंथरुणावर असते, पण कान तल्लख आहेत.”

मालनबाईंनी ओट्याला हात टेकला आणि त्या उठल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईनं इतक्या तडकाफडकी उठलेलं बघून अविराज धरायला धावला. त्यांनी त्याला बाजूला सारलं आणि बांधाच्या वाटेला लागल्या.

“आत्ते, कुठं निघालीस?” दादासाहेबानं विचारलं.

“ठाण्याला.”

“आत्ता? तुझं गुडघं…”

“गाडीत बसाय गुडघं लागत न्हाईत.” त्या मागं वळल्या आणि मोझेलबाईंना म्हणाल्या, “अगं, हाडं काय बोलनार हाईत तिच्याशी? बाप चार वर्साची सोडून गेला. त्यो पुढं काय खायचा, कसा हसायचा, शनवारी दिस बुडाल्यावर पयला घास कुणाला भरवायचा, हे कोण सांगनार तिला? मी सांगते. दाराचं मी आपून हून न्हाय काढायची. तिनं इचारलं, तर खोटं न्हाय बोलायची.”

“मावशी,” मोझेलबाई म्हणाल्या. त्या उठून त्यांच्यामागं निघाल्या.

संजीवनीनं आईची शाल आणि औषधाची पिशवी मोझेलबाईंच्या भाड्याच्या गाडीत ठेवली. “मीही येते,” ती म्हणाली. मालनबाई म्हणाल्या, “तू ऱ्हा. बारामतीला तुझी पोरं परीक्षेला बसल्यात. मला माझ्या भनीकडं जाया सोबत कशाला?” दादासाहेबानं डाळिंबाची पेटी डिकीत चढवली, झाकण लागेना म्हणून वरची चार काढून मोझेलबाईंच्या मांडीवर दिली, आणि गाडी फाट्याकडं वळेपर्यंत रस्त्यात उभा राहिला.

लासुर्णं मागं पडल्यावर मोझेलबाईंनी फोन लावला. सांभाळणाऱ्या मुलीनं तो आईच्या कानाशी धरला असावा.

“आई, मी निघाले. पप्पांना नाही आणत. पण एकटी येत नाहीये. त्यांची धाकटी आहे माझ्याबरोबर. मालन. तुला भेटायला येतेय.”

मोझेलबाईंनी फोन स्पीकरवर टाकून दोघींच्या मधे धरला. मग एक बारीक, चढा आवाज आला. मालनबाई पुढं वाकल्या. हुबेहूब बाबाचा आवाज.

“जेवलीय का ती?”

मालनबाईंनी हात पुढं करून फोन घेतला. त्या दिवशी हिंमत्यांच्या घरात कुणालाच जेवणाची आठवण झाली नव्हती.

“जेवले, अक्का,” त्या म्हणाल्या. “पोटभर जेवले.”